बिटाची पुरी तपकिरी का होते?

प्रश्न: ताई, मुलगी पहिलीत आहे, जपानी बेंटोसारखा रंगीत डबा पाहिजे म्हणून हट्ट धरलाय, पण बिटाच्या पुऱ्या तळल्या की तपकिरीच होतात, काय करू? – एक आई, सांगली

उत्तर: अगं, बिटाचा रंग उष्णतेने उडतो, तळूच नको, कच्चं किसून गार भातात लिंबू पिळून कालव, काय सुंदर गुलाबी होतो! हिरव्यासाठी पालक मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकून लगेच गार पाण्यात काढ, मग कणकेत मळ. पिवळ्याला आपली सांगलीची हळद आहेच, फक्त सोड्याबरोबर नको, लालसर पडते. कोपऱ्यात तासगावचे बेदाणे. आणि द्राक्षं दिलीस तर उभी चिरूनच दे हं, अख्खी घशात अडकतात.