आठ-नऊ वर्षांच्या मुलीला नुकतीच वाचनाची गोडी लागली आहे. तिला हसवणारी मराठी पुस्तकं मुंबईत कुठून आणू?

सुरुवात दिलीप प्रभावळकरांच्या 'बोक्या सातबंडे'पासून करा. बोक्या खोडकर आहे, पण मनाचा भला. गोष्टी सुट्या, छोट्या, त्यामुळे एका बैठकीत एक संपते आणि पुस्तकाचे बरेच भाग असल्याने 'आता पुढे काय?' हा प्रश्न लवकर येत नाही. नव्या वाचकाला हे फार महत्त्वाचं असतं, कारण भूक लागलेली असताना पान रिकामं राहायला नको.

मग ना. धों. ताम्हनकरांची 'चिंगी'. भाषा जुनी आहे, म्हणून पहिली काही पानं तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवा. चिं. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ मात्र आणखी दोन-तीन वर्षांनी. त्यातला विनोद मोठ्यांच्या संसाराचा आहे.

सगळं विकत घेऊ नका. दादर पूर्वेला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिकडे तिला घेऊनच जा आणि पुस्तक तिलाच निवडू द्या. एकच पुस्तक तिने पाचव्यांदा मागितलं तरी खुशाल द्या, तिचे आवडते विनोद तिला पाठ होऊ देत.