राजाला अधिकारच नसतील, तर ब्रिटन-स्वीडनसारखे लोकशाही देश राजा ठेवतात कशाला?

‘अधिकार नाहीत’ हे अर्धंच खरं आहे. संसद विसर्जित करणं, पंतप्रधान नेमणं, विधेयकाला संमती देणं हे सगळं ब्रिटनमध्ये आजही राजाच्याच नावाने होतं, फक्त त्याच्या मर्जीने नाही: संसद आणि विधेयकांबाबत सरकार सांगेल तसं, पंतप्रधानाबाबत बहुमत असेल तसं. म्हणून फिती कापणं, मेजवान्या, पदकं बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी तपासा: कोणालाच बहुमत नसेल तर पंतप्रधान कोण ठरवतो, आणि राजाने सही केली नाही तर कायदा अडतो का.

मे २०१० मध्ये ब्रिटनमध्ये त्रिशंकू संसद आली. ६५० पैकी कन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ३०६ जागा. ६ तारखेला मतदान झालं, ११ तारखेपर्यंत पक्षांची आपसात बोलणी चालली आणि तोवर आधीचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊनच पदावर राहिले. गणित जुळत नाही म्हटल्यावर त्यांनी राजीनामा दिला आणि त्याच संध्याकाळी कन्झर्व्हेटिव्ह नेते डेव्हिड कॅमेरन यांची नेमणूक झाली. राजावर किंवा राणीवर (तेव्हा राणी एलिझाबेथ होत्या) निवड करायची वेळ येऊच द्यायची नाही, हा तिथला संकेत. आपलं राज्यपालपद याच परंपरेतलं. तो संकेत सैल असला की काय होतं हे महाराष्ट्राला २०१९च्या पहाटेच्या शपथविधीनंतर वेगळं सांगायला नको. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला २६ नोव्हेंबरला आदेश काढून दुसऱ्याच दिवशी बहुमत सिद्ध करायला सांगावं लागलं.

स्वीडनने संकेतांवर विसंबणंच सोडलं. १९७५ पासून तिथे राजा पंतप्रधान नेमत नाही आणि कायद्यावर सहीही करत नाही. नाव सुचवतात संसदेचे अध्यक्ष. मतदानाचा नियमही उलटा आहे: ३४९ पैकी १७५ जणांनी विरोध केला तरच नाव फेटाळलं जातं, बहुमताचा पाठिंबा लागत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये माग्दालेना आंदरसन बाजूने ११७ आणि विरोधात १७४ मतं पडूनही पंतप्रधान म्हणून निवडून आल्या, कारण बाकीचे जवळपास सगळे तटस्थ होते. चार वेळा नाव फेटाळलं गेलं तर पुन्हा निवडणूक. राजाकडे उरलं ते संसदेच्या सत्राचं उद्घाटन, परराष्ट्र सल्लागार समितीचं अध्यक्षपद आणि असंच थोडंफार.

सहीचा पेच बेल्जियममध्ये पडला. १९९० मध्ये राजे बोदुआँ यांनी गर्भपाताच्या कायद्यावर सही करायला विवेकाचं कारण देऊन नकार दिला. मंत्रिमंडळाने राजा ‘राज्य करण्यास असमर्थ’ असल्याचं जाहीर केलं, मंत्र्यांनीच कायद्यावर सह्या केल्या आणि लगेच संसदेने राजाला पुन्हा अधिकार बहाल केले. चलाख तोडगा, पण घटनेतलं ते कलम आजारी किंवा परागंदा राजासाठी होतं. लक्झेंबर्ग जास्त सरळ वागलं. २००८ मध्ये तिथले तेव्हाचे राजप्रमुख ग्रँड ड्यूक आंरी दयामरणाच्या कायद्याला संमती देईनात, तेव्हा घटनेतला ‘संमती’ हा शब्दच काढून टाकला. आता ग्रँड ड्यूक कायदा फक्त जारी करतात.

‘राजा पंतप्रधानाला आवर घालतो’ हा युक्तिवाद मला पटत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी संसद पाच आठवडे संस्थगित करायचा सल्ला दिला आणि राणीने तो मानला. नकार दिला असता तर राणी राजकारणात उतरली असं झालं असतं. आवर घातला तो न्यायालयाने: २४ सप्टेंबरला अकराही न्यायाधीशांनी तो निर्णय एकमताने बेकायदा ठरवला. राजाचा खरा उपयोग मर्यादितच आहे, पण आहे. देशाचं सर्वोच्च पद पक्षांच्या चढाओढीबाहेर राहतं आणि पंतप्रधानाला स्वतःला ‘राष्ट्र’ म्हणवून घेता येत नाही. जर्मनी, आयर्लंड हेच काम नामधारी राष्ट्राध्यक्षाकडून करून घेतात.

मग बदलत का नाहीत? कारण राजाला हटवायचं ठरलं की पुढचा प्रश्न येतो: त्याच्या जागी येणाऱ्याला निवडायचं कसं? ऑस्ट्रेलियाचं घोडं इथेच अडलं. १९९९च्या सार्वमतात जो प्रस्ताव होता त्यात राष्ट्राध्यक्ष संसदेच्या दोन-तृतीयांश मतांनी निवडला जाणार होता. थेट जनतेने निवडलेला राष्ट्राध्यक्ष हवा असलेले अनेक प्रजासत्ताकवादीही राजनिष्ठांसोबत ‘नाही’च्या बाजूला गेले आणि सुमारे ५५ टक्के मतांनी प्रस्ताव पडला. लंडनमधला राजाच आजही त्यांचा राष्ट्रप्रमुख आहे.