फायबरच्या पुलातलं पाणी उपसू नका, ताई

प्रश्न : होटगी रस्त्यावर आमचं शेतघर आहे. सासऱ्यांनी हौसेने तिथे फायबरचा स्विमिंग पूल बसवला होता. चोवीस बाय बारा फूट, एका टोकाला साडेतीन फूट खोल, दुसऱ्या टोकाला साडेपाच. ते गेल्यापासून दोन वर्षं तिकडे कुणाचं लक्ष नाही. पाणी हिरवंगार झालंय, पानं कुजलीत, बेडूक आहेत, वास मारतो. मोटर मात्र चालू होते. दिवाळीला भाचरं येणार आहेत. गडी म्हणतो, सगळं पाणी उपसू, आत उतरून ॲसिडने घासू आणि टँकरने भरू. डाळिंबाच्या फवारणीचं मोरचूद घरात आहे, तेही टाकू म्हणतो. काय करावं?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, गड्याला आजच निरोप द्या, पाणी उपसायचं नाही. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

फायबरची टाकी म्हणजे सिमेंटचा हौद नव्हे. ते बोटभरही जाड नसलेलं कवच असतं, आणि आतल्या पाण्याच्या वजनाने ते खड्ड्यात बसून राहतं. तुमच्या पुलात सुमारे ३७,००० लिटर पाणी मावतं, म्हणजे ३७ टन वजन. आपल्याकडे सप्टेंबरात सगळ्यात जास्त पाऊस पडतो. तो काळ्या मातीत मुरतो आणि मुरमात खणलेल्या खड्ड्यात टाकीच्या अवतीभवती साठतो. आतलं वजन काढलं की बाहेरचं पाणी टाकीला होडीसारखं वर उचलतं, नाहीतर भिंत आत फुगवतं.

बावीस वर्षं मी पुलांची देखभाल केली. सुरुवातीच्या काळात अक्कलकोट रस्त्याच्या एका बंगल्यात, ऑक्टोबर महिन्यातच, मी स्वतः असा पूल रिकामा करायला लावला होता. सकाळी जाऊन पाहतो तर उथळ बाजूची कड फरशीच्या चार बोटं वर आलेली, सांध्यातलं सिमेंट तुटून पडलेलं आणि तळाचा पाइप निखळलेला. घरच्या बाई काही बोलल्या नाहीत. त्या कडेवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. पाणी परत भरलं, पण टाकी काही मूळ जागी बसली नाही. म्हणून इतक्या कळकळीने सांगतोय. टाकी रिकामी करावीच लागली तर ती मे महिन्यात, शेजारच्या विहिरीने तळ गाठलेला असताना, आतून आधार लावून आणि जाणकार माणूस समोर उभा करून. शिवाय जिथे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथे ३७,००० लिटर ओतून देणं माझ्या जिवावर येतं.

मोरचूद बागेतच राहू द्या. त्याने शेवाळ मरतं हे खरं, पण त्यातलं तांबं फायबरच्या चकचकीत थरावर निळे-हिरवे डाग धरतं. ते डाग काढता काढता थरच खराब होतो. कडक ॲसिड, तारेचा ब्रश, काथ्या यांनीही तेच होतं.

कामाला लागण्याआधी वायरमनकडून मोटर आणि अर्थिंग तपासून घ्या. दोन वर्षं ओलीत पडलेली वायर आहे. मग लांब दांड्याच्या जाळीने काठावरूनच पानं आणि गाळ काढा. हे काम कंटाळवाणं आहे, दोन दिवस जातील, पण कुजका पाला आत राहिला तर टाकलेलं क्लोरीन तोच खाऊन टाकतो. तळ दिसत नाही तोवर कुणीही पाण्यात उतरायचं नाही. गड्यानेसुद्धा नाही.

आता वरचं फूटभर पाणी काढा, त्याहून जास्त नको. ते आठेक हजार लिटर भरतं. अजून औषध पडलेलं नसल्याने नारळाला, चिकूला खुशाल सोडा. पाणी उतरलं की भिंतीवरचा तेलकट काळा पट्टा उघडा पडेल. खायच्या सोड्याची दाटसर पेस्ट करा आणि आपल्याकडचा जुना, धुऊन मऊ झालेला टॉवेल घेऊन गोल गोल चोळा. पहिल्या फेऱ्यात नुसता चिकटपणा निघतो. दुसऱ्यात बोटाखाली गुळगुळीत लागायला लागतं आणि मूळचा निळा रंग वर येतो. पट्टा निघाला की बोअरच्या पाण्याने पातळी भरून घ्या आणि नायलॉनच्या ब्रशने भिंतींवरचं शेवाळ खरवडून पाण्यात सोडा.

बोअरचं पाणी जड असतं, त्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचा आकडा, बहुधा चढाच असतो. साधं टेस्ट किट आणून आधी तो ७.२ च्या आसपास आणा, कारण पीएच ८ झाला की क्लोरीनची ताकद जेमतेम पाव उरते. पीएच उतरवायचं औषध आणि क्लोरीन कधीही एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो. एक सकाळी टाका, मोटर दिवसभर चालू ठेवा आणि दुसरं सूर्य मावळल्यावर टाका. उन्हात क्लोरीन उडून जातं.

क्लोरीनसाठी तुमच्या पुलाला पहिल्या रात्री ताजी ब्लीचिंग पावडर सव्वा किलो लागेल. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्या, मग त्यात पावडर थोडी थोडी घाला. चुना खाली बसला की फक्त वरची निवळ पुलात ओता. कोरडी पावडर तळाला बसली तर तिथे पांढरे चट्टे उठतात. सकाळी किटमध्ये क्लोरीन दिसलं नाही तर रात्री पुन्हा तेवढंच. दोन वर्षांचं शेवाळ आहे, तीन-चार रात्री लागतील. पंपघरात सासऱ्यांच्या वेळच्या क्लोरीनच्या गोळ्या असतील तर त्या ब्लीचिंगच्या बादलीत चुकूनही टाकू नका, स्फोट होतो.

हिरवं पाणी राखाडी झालं की शेवाळ मेलं असं समजा. मोटर रात्रंदिवस चालवा, फिल्टरवरचा दाबाचा काटा चढला की बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलटं फिरवून आतली वाळू धुऊन घ्या. वाळूचे गोळे झाले असतील तर वाळूच बदला. एवढं करूनही पाणी गढूळ राहिलं तर दीड किलो तुरटी विरघळवून सगळीकडे फिरवा आणि मोटर बंद करून रात्रभर पाणी अजिबात हलवू नका. सकाळी तळाला मऊ राखाडी गाळ बसलेला असेल. तो व्हॅक्यूमने ओढून थेट बाहेर सोडा, फिल्टरमधून नेलात तर फिल्टर तुंबेल.

तळाच्या जाळीचे स्क्रू काठावरून मोजता आले, पीएच ७.२ ते ७.६ आणि क्लोरीन १ ते ३ पीपीएम (लिटरला तेवढे मिलिग्रॅम) आलं, की भाचरांना उतरू द्या, पण कुणीतरी मोठं माणूस काठावर बसलेलं असू द्या.

मला दोन गोष्टी लगेच कळवा. तुमच्या विहिरीचं पाणी आज किती फुटांवर आहे, आणि उथळ टोकाची भिंत काठावरून हाताने दाबली तर आत-बाहेर होते का. होत असेल तर ते फूटभर पाणीही काढू नका, माझ्या उत्तराची वाट पाहा.