बाबासाहेबांच्या शेजारचा फोटो

प्रिय मुक्ता,
सप्रेम जय भीम.

१४ एप्रिलला बाबासाहेबांना हार घातल्यावर शेजारच्या ड्यू बॉइस या अमेरिकेतील काळ्यांच्या पुढाऱ्याच्या फोटोपुढेही आपण फूल का ठेवतो, ही सगळ्याच मराठी घरांतली रीत आहे का, असे तू विचारलेस. रीत आपल्याच घरची, मी सुरू केलेली. पण तिला आधार आहे.

१९०८च्या ऑगस्टमध्ये इलिनॉयमधील स्प्रिंगफील्ड येथे, म्हणजे लिंकन यांच्याच गावात, गोऱ्या जमावाने काळ्यांची घरे जाळली, माणसे मारली. त्यानंतर १२ फेब्रुवारी १९०९ रोजी, लिंकन यांच्या जन्मशताब्दीदिवशी, काही गोऱ्या सुधारकांनी आणि ड्यू बॉइस, आयडा बी. वेल्स यांच्यासारख्या काळ्या कार्यकर्त्यांनी मिळून जे आवाहन काढले, त्यातून ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ ही संस्था उभी राहिली. तिच्या पहिल्या पदाधिकाऱ्यांत ड्यू बॉइस एकटेच काळे होते, हे मला आजही खटकते. मात्र ‘द क्रायसिस’ हे मुखपत्र त्यांच्या हाती होते.

पुढे न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरील कचेरीच्या खिडकीबाहेर ही संस्था एक काळा झेंडा लावीत असे. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एवढेच असे: ‘काल एका माणसाचा झुंडबळी गेला.’ ना नाव, ना गाव.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकले, पण ड्यू बॉइस यांना त्यांनी पत्र लिहिले ते १९४६ साली. अमेरिकेतील काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे कळले आहे, अस्पृश्यही तसाच विचार करीत आहेत, तरी त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मिळाव्यात, अशी त्यांची विनंती होती. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलैला उत्तर दिले की, एका लहान संघटनेने अर्ज केलाच आहे, परंतु आमची संस्था याहून सविस्तर निवेदन देणार आहे. शिवाय आपले नाव मला परिचित आहे आणि अस्पृश्यांविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे, असेही कळवले.

ते निवेदन ऑक्टोबर १९४७ मध्ये दाखल झाले आणि तिथेच अडले. संस्थेच्याच संचालक मंडळावर असलेल्या आणि संयुक्त राष्ट्रसंघात अमेरिकेच्या प्रतिनिधी असलेल्या एलिनॉर रूझवेल्ट यांनीही ते पुढे रेटले नाही. १९४८ मध्ये तर संस्थेने ड्यू बॉइस यांनाच कामावरून काढले.

बाबासाहेबांचे ते छोटेसे पत्र ॲमहर्स्टला, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपलेले आहे. तुझ्या वसतिगृहापासून तिथे बस जाते. आधी ते वाचून ये. यंदा फूल तूच ठेव.

तुझा,
बाबा