फाइली चाळायला डॉक्टर कशाला?

प्रश्न : माझी मुलगी यंदा एमबीबीएस झाली. बार्शीत आमच्या ह्यांचा तीस वर्षांचा दवाखाना आहे. तो ती पुढे चालवेल असं आम्ही धरून चाललो होतो. आता म्हणते, ‘मला प्रॅक्टिस करायची नाही, औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्यात जायचंय.’ ह्यांचं म्हणणं, फाइली चाळायला डॉक्टर कशाला, कारकून पुरे. तुम्ही समजावलंत तर ती ऐकेल.
– एक आई, बार्शी

उत्तर : एकतीस वर्षं फार्मॅकॉलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, शिकवल्यावर मला एवढं कळलंय की नुकती एमबीबीएस झालेली मुलं कुणाचंही ऐकत नाहीत. तेव्हा समजवायचंच झालं तर डॉक्टरसाहेबांना समजावू. त्यांना फ्रान्सिस केल्सी या बाईंची हकिगत वाचून दाखवा.

बाई मूळच्या कॅनडाच्या. 1936 साली शिकागोच्या प्रोफेसर गाइलिंगांकडे काम मागितलं, तर होकाराचं पत्र आलं ‘मिस्टर ओल्डहॅम’च्या नावे. ओल्डहॅम हे माहेरचं आडनाव; नावावरून प्रोफेसरांना त्या पुरुष वाटल्या! पुढच्याच वर्षी अमेरिकेत सल्फाच्या (जंतुसंसर्गावरच्या) एका पातळ औषधाने शंभरावर माणसं दगावली, त्यात बरीच लहान मुलं. गाइलिंगांच्या प्रयोगशाळेत बाईंनी प्राण्यांवर चाचण्या केल्या. दोष सल्फाचा नव्हता, ते ज्यात विरघळवलं त्या डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी द्रवाचा होता. विकण्याआधी औषध सुरक्षित असल्याचं दाखवा, हा 1938 चा अमेरिकन कायदा त्यातून आला. मग महायुद्धात मलेरियाच्या औषधांवर काम करताना त्यांना दिसलं की मोठा ससा क्विनिन पचवतो, पोटातलं पिल्लू पचवू शकत नाही. एम.डी. त्यानंतर, 1950 ला.

ऑगस्ट 1960 मध्ये त्या वॉशिंग्टनला एफडीएत, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकन सरकारी खात्यात, रुजू झाल्या. महिन्याभरात टेबलावर फाइल आली : केव्हाडॉन, म्हणजे थॅलिडोमाइड. झोपेची गोळी, जर्मनीत चिठ्ठीशिवाय मिळणारी. नवीन बाईंना सोपं काम म्हणून दिलेली. नियम असा की साठ दिवसांत हरकत घेतली नाही तर परवानगी मिळाल्यासारखीच. बाईंनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हरकत घेतली : पुरावा अपुरा आहे. परवानगी मागणाऱ्या कंपनीने पुन्हा कागद दिले, पुन्हा हरकत, पुन्हा साठ दिवस. कंपनीची माणसं फोन करत, येऊन बसत, वरिष्ठांकडे तक्रार करत.

फेब्रुवारी 1961 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधलं एका डॉक्टरचं छोटं पत्र त्यांच्या वाचनात आलं : ही गोळी बरेच दिवस घेणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येतात. मोठ्या माणसाच्या नसांना बाधत असेल, तर गर्भातल्या बाळाचं काय? बाईंनी कंपनीला हे विचारलं. कंपनीकडे उत्तर नव्हतं. डॉक्टरसाहेब, हा प्रश्न कारकुनाला सुचला असता का? तो सशाच्या पिल्लावरून आलेला प्रश्न आहे.

नोव्हेंबरात जर्मनीतून बातमी आली; गरोदरपणी ही गोळी घेतलेल्या आयांना हातपाय नीट न वाढलेली बाळं. जगभरात दहा हजारांवर. अमेरिकेत मोजकीच, आणि तीसुद्धा कंपनीने ‘चाचणी’च्या नावाखाली हजारावर डॉक्टरांना पंचवीस लाख गोळ्या आधीच वाटून ठेवल्या होत्या म्हणून. ऑगस्ट 1962 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी बाईंना पदक दिलं. त्यानंतर त्या निवृत्त झाल्या असतील असं वाटलं ना? 2005 पर्यंत, नव्वदीपर्यंत, त्या तिथेच काम करत होत्या!

आणि हे सगळं लांबचं वाटत असेल, तर 1986 आठवा. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने चौदा रुग्ण गेले. आत काय निघालं? तेच डायएथिलिन ग्लायकॉल, एकोणपन्नास वर्षांनी. त्याची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती लेंटिन आयोगाची हकिगत साहेबांच्या पिढीला वेगळी सांगायला नको.

आता मुलीसाठी. नुसत्या एमबीबीएसवर औषध निरीक्षक होता येत नाही; फार्मसीची पदवी लागते, नाहीतर वैद्यकीत क्लिनिकल फार्मॅकॉलॉजी किंवा मायक्रोबायॉलॉजीचं विशेष शिक्षण. म्हणून पीजीला फार्मॅकॉलॉजी घे म्हणावं. जागा मिळायला फारशी मारामारी नसते, आणि नातेवाईक ‘मग पेशंट कधी बघणार?’ म्हणून विचारत राहतात. दोन्हीची तयारी ठेवायची. तोवर ज्या मेडिकल कॉलेजात औषधांच्या दुष्परिणामांचं नोंदणी केंद्र आहे तिथे महिनाभर बसून बघू दे. काम कंटाळवाणं असतं, आधीच सांगते. माझा एक रेसिडेंट सल्फाची पुरळ आलेल्या बाईचा फॉर्म भरायला तयार नव्हता : ‘मॅडम, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे.’ मी त्याच्याकडून दोन वेळा लिहून घेतला, कारण पहिल्यात औषध सुरू केल्याची तारीखच नव्हती.

तुमच्या ह्यांना मात्र एक विचारून ठेवा. तीस वर्षांत गोळीची रिअ‍ॅक्शन आलेले किती पेशंट दवाखान्यात आले, आणि त्यातले किती त्यांनी कळवले? फॉर्म कुठल्याही डॉक्टरला भरता येतो. फोनवर सांगितलं तरी चालतं, 1800-180-3024, पैसे पडत नाहीत.