‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ कादंबरी आवडत असेल तर २००२ चा सिनेमा बघून चिडचिड होईल का?

पुस्तकाचं पान न् पान ताडून बघायला बसलात तर नक्की होईल. तो उद्योग सोडून दिलात तर सव्वादोन तास मस्त जातील. मला कादंबरीही आवडते आणि हा सिनेमाही. दोन्हींचं भांडण होत नाही, कारण दोन्हीकडचा सूडच वेगळ्या हत्याराने उगवलेला आहे. (इथून पुढे शेवटासकट सगळं सांगणार आहे. तुम्ही वाचलेलं आहे म्हणता, बाकीच्यांनी बेतानं.)

ज्यांना कथा माहीत नाही त्यांच्यापुरतं: १८१५ साल. मार्सेचा तरुण खलाशी एडमंड डान्टेस कप्तान होणार असतो, मर्सेडिसशी लग्न ठरलेलं असतं. तेवढ्यात एल्बा बेटावरून, म्हणजे नेपोलियनला हद्दपार केलेल्या ठिकाणाहून, आणलेल्या एका पत्रापायी त्याला नेपोलियनचा हस्तक ठरवतात आणि समुद्रातल्या शातो दीफच्या किल्ल्यात डांबतात. तिथे दुसऱ्या कोठडीतून भुयार खणत आलेला आबे (म्हणजे पाद्री) फारिया त्याला शहाणं करतो, खजिन्याचा ठावठिकाणा सांगतो आणि मरतो. फारियाच्या प्रेताच्या जागी एडमंड स्वतः गोणीत शिरतो, सुटतो आणि काउंट होऊन परत येतो.

आता हत्याराचा मुद्दा. अलेक्झांडर द्युमाची कादंबरी १८४४ ते १८४६ या काळात वर्तमानपत्रातून क्रमशः आली. प्रकरणं ११७. एवढ्या पसाऱ्यात काउंट स्वतः तलवार चालवून कुणाचाही काटा काढत नाही. त्याची हत्यारं म्हणजे पैसा, माहिती आणि वाट बघण्याची अमानुष ताकद. माझा सगळ्यात आवडता प्रसंग टेलिग्राफच्या मनोऱ्यावरचा आहे. तेव्हाचा टेलिग्राफ म्हणजे मनोऱ्यावर हलणारे लाकडी हात: एकाने खूण करायची, पुढच्याने ती बघून तशीच पुढे पाठवायची. काउंट तिथे जातो तर यंत्र सांभाळणारा माणूस खालच्या बागेत स्ट्रॉबेऱ्या मोजत असतो! खुणांचा अर्थ त्याला कळत नाही, कळायची गरजही नाही. त्याला चिंता फळं कुरतडणाऱ्या उंदरांची आणि आपल्या पेन्शनची. काउंट त्याच्याशी बागकामाच्या गप्पा मारतो, मग नोटा पुढे करतो आणि खोट्या खुणा पाठवायला लावतो. स्पेनबद्दलची चुकीची बातमी पॅरिसला पोचते, एडमंडला अडकवणाऱ्यांपैकी एक, आता बँकर झालेला डांग्लार घाबरून रोखे विकतो आणि जबर आपटी खातो. शत्रूला बोटही न लावता.

वाचताना अंगावर काटा येतो. पण पडद्यावर काय दाखवणार? बागेत दोन माणसं बोलताहेत आणि दुसऱ्या दिवशी रोख्यांचा भाव बदलला. दिग्दर्शक केविन रेनॉल्ड्सने हे सगळं सरळ कापलं आणि सूड मनगटात आणला. एकदा हे ठरवल्यावर पुढचे बदल ओघाने येतात. कादंबरीतला फारिया इटालियन विद्वान, तो एडमंडला भाषा, गणित, इतिहास शिकवतो. सिनेमातला फारिया नेपोलियनच्या सैन्यात लढलेला, त्यामुळे वाचन आणि तलवार असे दोन्ही विषय. छतातून ठिबकणाऱ्या पाण्याच्या दोन थेंबांमधून हात न भिजवता पलीकडे न्यायचा, हा त्याचा पहिला धडा. तुरुंगात दुसरं होतं काय शिकवायला! रिचर्ड हॅरिसने हा म्हातारा इतका खट्याळ आणि उबदार केलाय की तो गेल्यावर सिनेमातला जीव थोडा कमी होतो. (खरा आबे फारिया आपल्या गोव्याचा, १७५६ साली कांदोळीला जन्मलेला. पॅरिसमध्ये त्याने संमोहनाचे प्रयोग केले. द्युमाने नाव उचललं, माणूस मात्र दुसराच घडवला. पणजीत त्याचा पुतळा आहे.)

गोणीचा प्रसंगही बघा. कादंबरीत एडमंडला वाटत असतं की आपल्याला पुरतील आणि आपण माती उकरून बाहेर येऊ. प्रत्यक्षात त्याच्या पायाला ३६ पौंडी तोफगोळा बांधून त्याला कड्यावरून समुद्रात भिरकावतात. किल्ल्याचं स्मशान म्हणजे समुद्रच, हे त्याला हवेत असताना कळतं. सिनेमात तो पडता पडता तुरुंगाधिकाऱ्यालाच खाली ओढतो. हा तोच अधिकारी जो दरवर्षी, अटकेच्या तारखेला, कैद्यांना न चुकता फटके मारायचा. प्रेक्षक म्हणून मी इथे टाळी देतो. वाचक म्हणून मला मूळचा गारठा जास्त आवडतो. दोन्ही खरं.

सिनेमाने एक गोष्ट मात्र कादंबरीपेक्षा सरस केली, असं माझं मत. एडमंडला अडकवणारा आणि पुढे मर्सेडिसशी लग्न करणारा फर्नांड मुळात तिच्यावर जीव टाकणारा गरीब कोळी. सिनेमात तो सरदारपुत्र आणि एडमंडचा जिवलग मित्र. गाय पिअर्सने त्याच्यात अशी काही सडकी असूया भरलीय की बघत राहावं. लहानपणी फर्नांडला तट्टू मिळालं आणि एडमंडला नुसती शिट्टी, तरी एडमंडच जास्त खूश होता, हे तो आयुष्यभर विसरत नाही. असं का केलंस, यावर त्याचं उत्तर साधारण असं: तू कारकुनाचा पोरगा, आणि तुझ्यासारखं व्हावंसं मला वाटतं, हे सहन कसं करायचं? पैसा, बाई, हुद्दा यांपेक्षा हे कारण मला जास्त पटतं. एडमंड झालेला जिम कॅव्हिझेल त्याच्यासमोर जरा सपाट वाटतो, पण काउंट झाल्यावर तो सपाटपणाच कामाला येतो.

आता तक्रार. सिनेमात मर्सेडिसचा मुलगा अल्बर हा शेवटी एडमंडचाच निघतो. (भूमिकेत कोवळा हेन्री कॅव्हिल आहे.) हे मला अजिबात मान्य नाही. कादंबरीत अल्बर शत्रूचाच, म्हणजे फर्नांडचा मुलगा आहे. अल्बर आणि काउंटच्या द्वंद्वाच्या आदल्या रात्री मर्सेडिस येऊन मुलाच्या जिवाची भीक मागते, आणि काउंट तिच्याखातर दुसऱ्या दिवशी स्वतः मरायला तयार होतो. शत्रूच्या मुलाला सोडणं जड असतं. स्वतःच्या मुलाला सोडण्यात काय मोठेपणा? तसंच एडमंडला तुरुंगात पाठवणारा सरकारी वकील विल्फोर, त्याच्या घरातलं विषप्रयोगाचं प्रकरण गायब आहे. तिथे एका लहान मुलाचं प्रेत बघून काउंटला पहिल्यांदा वाटतं की आपण हद्द ओलांडली. सिनेमातल्या एडमंडला असा धक्का बसतच नाही. त्याला सूडही मिळतो, प्रेयसीही, मुलगाही. कादंबरीत काउंटच्या आश्रयाने राहणारी अली पाशाची मुलगी हायदे तर पात्रयादीतही नाही.

विल्फोरचा हिशोब मात्र दोन मिनिटांत झकास चुकता केलाय. अटक होऊन गाडीत बसल्यावर त्याला तिथे पिस्तूल सापडतं. तो ते स्वतःवर रोखतो, चाप ओढतो, आणि ते रिकामं निघतं. इतकं सोपं करीन असं वाटलं होतं का, असं एडमंड त्याला ऐकवतो. या एका जागी सिनेमाचा काउंट द्युमाच्या काउंटच्या सगळ्यात जवळ जातो.

त्यामुळे तुम्हाला सल्ला असा: हा सिनेमा आधी बघा आणि २०२४ चा फ्रेंच सिनेमा मागाहून. तो जवळपास तीन तासांचा आहे. पिएर निनेचा काउंट मुखवटे चढवून वेगवेगळी माणसं बनतो, हायदे आहे, अल्बर फर्नांडचाच मुलगा आहे, आणि सूडाची किंमतही मोजलेली दिसते. तुमच्यातला वाचक तिथे बराच निवांत बसेल. मात्र शेवटी एडमंड आणि फर्नांड तिथेही तलवारी उपसतातच. एवढी मोठी कादंबरी स्वतःच्या भाषेत असून फ्रेंचांनाही तो मोह आवरला नाही, मग हॉलीवूडवर किती रागवायचं?