व्हिएन्नाला चित्रं बघायला जाताना

अनेक आशीर्वाद.

मेल मिळाला. व्हिएन्नातला एकमेव मोकळा दिवस कुन्स्टहिस्टोरिशेस म्यूझियम या कलासंग्रहालयासाठी राखून ठेवला आहेस, हे उत्तम. सोबत जोडलेली पंचवीस चित्रांची यादी मात्र घरीच ठेव. चित्रं चांगलीच आहेत, प्रश्न त्यांचा नाही. यादी हातात असली की माणूस चित्र शोधतो, सापडलं की फोटो काढतो आणि पुढच्या नंबरामागे लागतो. तीन तासांनी पाय बोलायला लागतात आणि डोक्यात नुसत्या सोनेरी चौकटी उरतात.

त्याऐवजी माणसांची यादी कर. प्रत्येक देशाचा, प्रत्येक शतकाचा एकेक नमुना गोळा करावा असं ठरवून कुणा समितीने हा संग्रह केलेला नाही. ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्यातल्या मोजक्या लोकांना जे आवडलं, जे परवडलं, जे भेटीदाखल किंवा वारशाने आलं, ते इथे आहे. म्हणून ब्रुगेल, तिशियन, रूबेन्स, वेलास्केस हे चित्रकार इथे भरभरून आहेत. हॉलंड प्रॉटेस्टंट आणि स्पेनच्या हाब्सबुर्गांशी ऐंशी वर्षं लढलेला. त्याची चित्रं त्यामानाने कमी. इंग्लंडची तर फारच थोडी.

चार जण लक्षात ठेव. पहिला ऑस्ट्रियातल्या तिरोल प्रांताचा आर्चड्यूक (हाब्सबुर्ग राजपुत्रांची पदवी) फर्डिनांड दुसरा (१५२९–१५९५). इन्सब्रुकजवळच्या आम्ब्रास किल्ल्यात त्याने चिलखतं, व्यक्तिचित्रं आणि चित्रविचित्र वस्तू जमवल्या. दुसरा त्याचा पुतण्या, सम्राट रुडॉल्फ दुसरा; याने १५८३मध्ये दरबार प्रागला हलवला आणि राज्यकारभारापेक्षा संग्रहातच जास्त जीव रमवला. तिसरा आर्चड्यूक लिओपोल्ड विल्हेल्म, १६४७ ते १६५६ स्पॅनिश नेदरलंड्सचा (ढोबळपणे आजच्या बेल्जियमचा) राज्यपाल. इंग्लंडमध्ये यादवी होऊन चार्ल्स राजाच्या गोटातल्या सरदारांचे संग्रह विकायला निघाले, ते याने ब्रसेल्समध्ये बसून घेतले. १६५९च्या नोंदवहीत त्याची सुमारे चौदाशे चित्रं आहेत. चौथा सम्राट जोसेफ दुसरा. त्याचं महत्त्व खरेदीत नाही. त्याच्या काळात चित्रं बेल्वेदेअर राजवाड्यात नेली, क्रिस्टियान फॉन मेशेल या खोदचित्रकाराने ती देशवार आणि कालक्रमाने लावली आणि सर्वसामान्यांना आत येऊन बघता येऊ लागली. आजची इमारत त्याच्या बरीच नंतरची, १८९१ची.

कुठलं चित्र कुणाकडून आलं हे कळायला सोपा मार्ग आहे. पाटीवर जीजी (GG) ही अक्षरं आणि एक आकडा असतो. जीजी म्हणजे चित्रदालनाची नोंद. उदाहरणार्थ, ब्रुगेलचं ‘बर्फातले शिकारी’ म्हणजे जीजी १८३८. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर तो आकडा टाकलास की आधीच्या मालकांची साखळी दिसते. हे काम जाण्याआधी, दहा-बारा चित्रांपुरतं करून ठेव. तिथे उभं राहून मोबाइलवर वाचत बसलं, तर चित्र समोर असून डोळे खाली राहतील. कुठली चित्रं सध्या बाहेरगावी प्रदर्शनाला गेली आहेत, तेही आधीच बघ.

आता प्रत्यक्ष दिवस. रिंग रस्त्यावरून सम्राज्ञी मारिया तेरेसाच्या पुतळ्याकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडची इमारत आपली. उजवीकडे अगदी तिच्यासारखीच दुसरी आहे, ते निसर्गविज्ञानाचं संग्रहालय. घाईत तिकडे शिरणारे रोज असतात. दहाला दार उघडतं, पावणेदहाला तिथे अस, तिकीट ऑनलाइन काढलेलं असू दे. एकोणीस वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत, तेव्हा धाकटं भावंड बरोबर असेल तर ओळखपत्र ठेव. मोठी बॅग, छत्री, ओला कोट खाली जमा कर. जवळ फक्त वही, पेन्सिल (पेनवर काही दालनांत हरकत घेतात) आणि छोटी दुर्बीण, आठपट पुरे. दुर्बीण कशाला? जिन्याच्या वरच्या खांबांमधली चित्रं सुमारे १२ मीटर उंचीवर आहेत आणि त्यातली काही गुस्ताव क्लिम्टची आहेत, १८९०–९१ची, तो प्रसिद्ध होण्याआधीची. नुसत्या डोळ्यांना ती सजावट वाटते.

जिन्यात फार रेंगाळू नकोस, परतताना बघता येईल. सरळ पहिल्या मजल्यावर. मोठ्या दालनांना रोमन आकडे आहेत, त्यांना लागून असलेल्या छोट्या खोल्यांना साधे आकडे. ही खूण डोक्यात ठेवली नाही तर ‘दहा’ म्हणून भलत्याच खोलीत पोचशील. ब्रुगेल रोमन दहामध्ये. तिथे आधी जा, कारण अकराच्या सुमारास गटच्या गट येतात आणि मग चित्रासमोर फक्त पाठी दिसतात.

थोरल्या पीटर ब्रुगेलची जेमतेम चाळीस चित्रं जगात उरली आहेत, त्यातली बारा या संग्रहात. बाराही बघायचा हट्ट नको. वर्षातल्या ऋतूंची मालिका घे. अँटवर्पच्या निकोलास योंगेलिंक नावाच्या व्यापाऱ्याने १५६५मध्ये ती करवून घेतली. पाच फलक उरले, तीन इथे, एक प्रागला, एक न्यूयॉर्कला. इथले तीन ऋतूंच्या क्रमाने बघ: ‘अंधारलेला दिवस’ (हिवाळ्याची अखेर), ‘गुरांची परत’ (शरद), ‘बर्फातले शिकारी’ (ऐन हिवाळा). मातकट तपकिरी, मग पिवळट, मग हिरवट-निळं आकाश आणि पांढरं. ऋतू त्याने आधी रंगात ठरवला आहे, माणसं नंतर येतात.

‘शिकारी’समोर तीन अंतरांवर थांब. आधी चार-पाच मीटरवरून, दोन मिनिटं, काहीही न शोधता. झाडांचे बुंधे डावीकडून उजवीकडे लहान होत जातात आणि नजर आपोआप दरीत घसरते, एवढंच जाणव. मग दीड-दोन मीटरवर ये. तीन शिकारी आणि मागे कुत्र्यांचा थवा, पण शिकार म्हणून खांद्यावर एकच कोल्हा. कुत्र्यांच्या माना खाली आहेत. शेवटी अगदी जवळ. डावीकडे खानावळीबाहेर डुक्कर भाजायला जाळ पेटवलाय, पाटी एकाच हुकावर लोंबकळतेय. खाली गोठलेल्या तळ्यावर लोक खेळताहेत, पुलावरून एक बाई काटक्यांचा भारा नेतेय, लांब एका घराच्या धुराड्याला आग लागलीय आणि माणसं शिडी घेऊन धावताहेत. हे सगळं ११७ बाय १६२ सेंटिमीटरच्या फळीवर. फळ्यांचे आडवे सांधे बाजूने तिरकं पाहिलं की दिसतात. जवळ जाताना हात मागे बांध. बोट दाखवायला पुढे झुकलं की पहारेकरी ओरडतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

काच किंवा वार्निश चमकून मधेच पांढरा डाग दिसतो. मोठ्या दालनांत उजेड छतातून येतो, म्हणून समोरून सरकून अर्धं पाऊल बाजूला झालं की तो जातो. याच चित्रांची अतिसूक्ष्म आणि अवरक्त छायाचित्रं ‘इनसाइड ब्रुगेल’ या संकेतस्थळावर फुकट आहेत. आधी प्रत्यक्ष, मग ती, हा क्रम मोडू नकोस.

एव्हाना सव्वाअकरा होतील. आता लिओपोल्ड विल्हेल्मची भेट घे: त्याचा दरबारी चित्रकार डेव्हिड टेनिर्सने रंगवलेलं त्याचं ब्रसेल्सचं दालन. टोपी घातलेला तो आर्चड्यूक. भिंत छतापर्यंत चित्रांनी भरलेली. त्यातली बरीच आज याच इमारतीत आहेत. त्यातलं एखादं हेरून ठेव आणि इटालियन बाजूला गेल्यावर ओळख. या संग्रहालयात करण्यासारखा हा सर्वांत चांगला खेळ आहे. मग जॉर्जोनेच्या ‘तीन तत्त्वज्ञां’पाशी जा. हेही लिओपोल्ड विल्हेल्मकडूनच आलेलं. टेनिर्सने त्याची छोटी प्रत केली होती, तिच्यात डावीकडची गुहा जास्त रुंद आहे. म्हणजे मूळ चित्राची ती बाजू नंतर कापली गेली. अठराव्या शतकात चित्रं भिंतीवर सममितीत बसवायची होती, तेव्हा काहींच्या कडा छाटल्या, काहींना पट्ट्या जोडल्या. चौकट बघून चित्राचा आकार पक्का मानू नकोस.

वेलास्केसने रंगवलेल्या स्पेनच्या राजकन्येकडे, मार्गारीटा तेरेसाकडे, मात्र सावकाश जा. माद्रिदहून तिची चित्रं व्हिएन्नाला यायची, कारण तिचं लग्न सम्राट लिओपोल्ड पहिल्याशी, म्हणजे सख्ख्या मामाशी ठरलं होतं. मुलगी कशी वाढतेय ते सासरी कळावं म्हणून. गुलाबी पोशाखात ती दोन-तीन वर्षांची, पांढऱ्यात पाच, निळ्यात आठ. निळ्या पोशाखाच्या रुपेरी किनारी जवळून बघ: राखाडी-पांढरे फटकारे, काहींना आकारच नाही. तीन मीटर मागे ये, रेशीम तयार. ती एकवीस वर्षांची असताना वारली, हे पाटीवर वाचायच्या आत चेहरे बघून घे.

वेळ उरला तर फर्मीरचं ‘चित्रकला’ (१२० बाय १०० सेंटिमीटर) आणि पार्मिजानिनोचं बहिर्गोल आरशातलं आत्मचित्र, २४ सेंटिमीटर व्यासाचं, फुगीर लाकडावर, हे रुडॉल्फचं. आर्चिम्बोल्दोची फळं-भाज्यांनी बनलेली डोकी कॉफीच्या मगांवर आणि फ्रिजच्या चुंबकांवर इतकी छापली गेली आहेत की त्यांना दोन मिनिटं पुरेत, असं माझं मत.

साडेबाराला थांब. घुमटाखालचा कॅफे देखणा आहे, पण दुपारी रांग असते आणि स्वस्तही नाही. तासभर बाहेर बसून, काहीतरी खाऊन, त्याच तिकिटावर परत येता येतं का ते सकाळीच दारावर विचार.

दुपारी फक्त कुन्स्टकामर, म्हणजे राजघराण्याचं अजबखाना-वजा दालन, जिन्याच्या डावीकडे. वीस खोल्या, एकवीसशेहून अधिक वस्तू. दहा वर्षं बंद राहून २०१३मध्ये उघडलं. थेट इटालियन सोनार-शिल्पकार चेल्लिनीच्या मिठाच्या पात्राकडे जा (केके ८८१; केके म्हणजे कुन्स्टकामरची नोंद). सोनं, मिना, आबनुसाची बैठक. नेपच्यूनशेजारच्या होडीत मीठ, पृथ्वीदेवीशेजारच्या देवळात मिरी. १५७०मध्ये फ्रान्सच्या राजाने ते आपल्या फर्डिनांडला भेट दिलं. २००३मध्ये चोरीला गेलं, २००६मध्ये ऑस्ट्रियातल्या त्सवेटल गावाजवळच्या जंगलात पुरलेल्या पेटीत सापडलं. चारी बाजूंनी फिर. समोरून फोटो काढून निघणाऱ्यांना देऊळ नीट दिसतच नाही.

तिथेच बेझोअर बघ: जनावरांच्या पोटात बनणारे खडे, विषावर उतारा म्हणून सोन्यात मढवलेले. युरोपात त्यांना इतकी मागणी होती की सतराव्या शतकात गोव्याच्या जेसुइट मिशनऱ्यांनी कृत्रिम खडे बनवून ‘गोवा स्टोन’ या नावाने विकायला सुरुवात केली.

इजिप्तचा विभाग यावेळी सोडलास तरी चालेल. चक्कर टाकलीच तर छत पेलणारे ग्रॅनाइटचे पपायरस-खांब बघ. ते खरोखरचे प्राचीन आहेत, सम्राटाला भेट आलेले.

राजमुकुट इथे नाही, तो होफबुर्ग राजवाड्यातल्या शाट्सकामर या खजिना-दालनात आहे, वेगळं दार. एका दिवसात दोन्ही कोंबू नकोस. दुसरा दिवस मिळालाच तर माक या उपयोजित कलांच्या संग्रहालयाला आधी ईमेल करून अकबराच्या ‘हम्झानामा’ या सचित्र ग्रंथाची पानं लावलेली आहेत का ते विचार. साठ पानं त्यांच्याकडे आहेत, १८७३च्या व्हिएन्ना जागतिक प्रदर्शनातून घेतलेली. उजेडाने रंग उडतात म्हणून सगळी कायम बाहेर नसतात.

मुंबईहून निघण्याआधी एक सकाळ छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात काढ. टाटांनी दिलेली युरोपीय तैलचित्रं तिथे आहेत. तीन अंतरांची सवय तिथेच कर, एका चित्रासमोर दहा मिनिटं. पहिल्यांदा चौथ्या मिनिटाला कंटाळा येतो, तो व्हिएन्नात यायला नको. आणि प्रवासाचा वार गुरुवार असेल तर मला कळव, त्या दिवशी रात्री नऊपर्यंत उघडं असतं. मग दुपारची विश्रांती लांबवून ब्रुगेल संध्याकाळी सातनंतर पुन्हा एकदा बघायचं जमवू.

कळावे.